आकाशकंदील पूर्ण झाला तेव्हा मुलगी झोपली होती

ठाण्याहून एका ३४ वर्षांच्या आईने सविस्तर पत्र पाठवले आहे. तिला साडेपाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा आहे. मूल निसर्गाच्या जवळ वाढवायचे, असे तिने मुलीच्या जन्माआधीच ठरवले होते. खेळणी लाकडाची आणि कापडाची, कपडे सुती, टीव्ही आणि मोबाइल नाही, आणि प्रत्येक सणाची प्रत्येक वस्तू घरी, हाताने केलेली. पहिली चार वर्षे हे निभावले. धाकट्याच्या जन्मानंतर मात्र ओढाताण सुरू झाली. यंदा दिवाळीच्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून तिने बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील पूर्ण केला आणि सकाळी मुलीने त्याच्याकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले. सासूबाईंनी नातीच्या वाढदिवसाला आणलेली दिवे लागणारी, आवाज करणारी प्लास्टिकची मोटार तिने माळ्यावर टाकली. 'आम्ही काय मुले वाढवलीच नाहीत का?' एवढेच सासूबाई म्हणाल्या आणि तेव्हापासून फारशा बोलत नाहीत. पती विचारतात, 'हे सगळे तू मुलांसाठी करतेस की फोटोंसाठी? बंद कर आता.' त्यातच एका मैत्रिणीकडचे गुलाबी प्लास्टिकचे बाहुलीघर पाहून आलेल्या मुलीने विचारले, 'आई, आपण गरीब आहोत का?' पत्रलेखिकेचे प्रश्न तीन आहेत. बाहुलीघर घ्यावे का? येत्या संक्रांतीला धाकट्याचे पहिले बोरन्हाण आहे, त्यासाठी हलव्याचे दागिने घरीच करण्याचा बेत सोडून दिला तर ती तत्त्वाशी तडजोड ठरेल का? आणि 'यातले काहीच न कळणाऱ्या' सासूबाईंना कसे समजवावे?

प्रिय वाचक भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि तुम्ही जे प्रश्न विचारलेत त्यांच्या आधी तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती थांबण्यासारखी नाही. मुलीसाठी मांडलेल्या 'ऋतूच्या तबका'चे वर्णन तुम्ही प्रेमाने केले आहे. त्यात शंखशिंपले आहेत, पिसे आहेत, सागरगोटे आहेत, आणि सोसायटीच्या बागेतून वेचलेल्या बिट्ट्या व गावाहून आणलेल्या लाल-काळ्या गुंजाही आहेत. तुमचा मुलगा आठ महिन्यांचा आहे, रांगतो आहे, आणि हाताला लागेल ते तोंडात घालण्याचे त्याचे वय आहे. बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे बी. तिचे विष थेट हृदयावर परिणाम करते. गुंजेचे बीही अत्यंत विषारी असते, आणि माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेली किंवा दाताखाली फुटलेली गुंज तर अधिकच धोक्याची, कारण एरवी आतले विष अडवून धरणारे कठीण कवच तिथे भेदलेले असते. हे उत्तर पुढे वाचण्याआधी कृपया उठून ही दोन्ही बिया घरातून काढून टाका. सागरगोटेही मुलगा मोठा होईपर्यंत उंचावर ठेवा, कारण ते घशात अडकू शकतात. इतर वाचकांसाठी हेही सांगते की असे बी मुलाने चावल्याची किंवा गिळल्याची नुसती शंका आली, तरी घरी उलटी काढण्याचा प्रयत्न न करता, त्याच जातीचे बी सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

हे अगदी आरंभी सांगण्याचे दुसरेही कारण आहे. तुमच्या संपूर्ण पत्रात 'नैसर्गिक' हा शब्द 'चांगले' या अर्थाने आला आहे आणि 'प्लास्टिक' हा 'वाईट' या अर्थाने. आपण बिट्ट्यांनी खेळलो ते मोठ्यांची नजर असताना आणि रांगत्या वयाच्या पुष्कळ पुढे गेल्यावर. वस्तू झाडावरून आली की कारखान्यातून, एवढ्यावरून ती मुलाच्या हातात द्यावी की नाही हे ठरत नाही. मूल केवढे आहे, जवळ कोण आहे आणि ते त्या वस्तूचे काय करणार आहे, हे पाहावे लागते.

आता त्या रात्रीकडे येते. धाकट्याला दोनदा उठून पाजत तुम्ही कंदिलाच्या काड्या बांधल्या, पतंगाचा कागद चिकटवला, करंज्या आणि झिरमिळ्या लावल्या. सकाळी मुलीने त्याकडे लक्ष दिले नाही आणि तुम्हाला रडू आले. तुमचे रडू मला समजते, आणि मुलीचे वागणेही समजते. रात्री ती झोपली तेव्हा कंदील नव्हता आणि सकाळी उठली तेव्हा तो टांगलेला होता. बाजारातून आणलेला कंदीलही तिच्या दृष्टीने असाच, कुठून तरी तयार होऊन आला असता. हाताने केल्याचा आनंद ज्याचे हात त्यात असतात त्याला मिळतो. काड्या सरळ नसतील, कागदाला सुरकुत्या पडतील, खळ कोपरापर्यंत माखेल, पण ज्या कंदिलाची एक तरी झिरमिळी तिने स्वतः कातरली असेल, तो ती गॅलरीत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवील. तुम्ही पत्रात अगदी ओझरते लिहिले आहे की संध्याकाळी ती मदतीला आली होती, पण 'कागद फाटेल म्हणून' तुम्ही तिला झोपायला पाठवले. मला वाटते, दिवाळी त्या संध्याकाळी तुमच्या दाराशी येऊन उभी होती.

हे दूषण म्हणून लिहीत नाही. कंदील नीट व्हावा असे वाटण्यात वाईट काही नाही, आणि दोन लेकरांच्या आईला एखादी गोष्ट शांतपणे, एकटीने, मनासारखी करावीशी वाटते यातही नाही. तसे असेल तर ती तुमची स्वतःची आवड आहे असे मोकळेपणाने म्हणा, तिच्यासाठी वेळ मागून घ्या आणि त्या कौतुकाची अपेक्षा साडेपाच वर्षांच्या मुलीकडून करू नका. आईची कला आणि मुलीचा सण या दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत. त्या एकाच वस्तूत बसवायला गेलात म्हणून त्या रात्री दोन्ही हातच्या गेल्या.

पतींचा प्रश्न बोचरा आहे आणि तो ज्या सुरात विचारला गेला तो सूर मला आवडलेला नाही. मात्र 'बंद कर' हा त्यांचा उपाय आणि 'काहीही झाले तरी सगळे करायचेच' हा तुमचा निश्चय, या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. हे सगळे तुम्ही एकट्याने करायचे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. जुन्या काळी घरोघरी सगळे हाताने होत असे, असे तुम्ही लिहिता, ते खरे आहे. परंतु त्या घरांत एका स्वयंपाकघरात तीन-चार बायका असत, आळीतल्या आणखी चौघी दुपारी मदतीला येत, आणि इतके असूनही त्या थकून जात. माझ्या आजीला सणाच्या दिवशी जेवायला अनेकदा चार वाजत. तिच्या हातच्या पुरणपोळीची आठवण आम्ही सगळे काढतो, तिच्या चार वाजताच्या जेवणाची कोणी काढत नाही. शिवाय त्याच घरांत विधवा बाईला हळदीकुंकवाच्या दिवशी माजघरात बसून राहावे लागत असे. परंपरा पुढे न्यायची म्हणजे हे सारे जसेच्या तसे उचलायचे असे नाही. काय उचलायचे आणि काय तिथेच ठेवायचे, हे प्रत्येक पिढीने ठरवले आहे, तसेच तुम्हीही ठरवू शकता.

म्हणून माझी पहिली सूचना वाटणीची आहे. दिवाळीचा किल्ला पुढच्या वर्षीपासून संपूर्णपणे मुलीच्या वडिलांकडे द्या. माती कुठून आणायची, विटांचे तुकडे आणि गोणपाट कोणाकडे मिळेल, बुरूज कुठे, विहीर कुठे, हळीव कधी पेरले म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवे दिसेल, मावळे कुंभारवाड्यातून आणायचे की मुलीने मळायचे, हे त्यांनी आणि मुलीने ठरवायचे. दिल्यानंतर मात्र त्यात बोलू नका. बुरूज वाकडा झाला तर वाकडा राहू द्या. यंदाच्या गॅलरीतल्या किल्ल्याविषयी तुम्ही लिहिले आहे की तो फार सुबक झाला आणि मुलीला हात लावू दिला नाही. अहो, किल्ल्यावरचे मावळे दर तासाला हलवले नाहीत, एखादी दरड कोसळून पुन्हा थापली नाही, तर मुलांनी त्या किल्ल्याचे करायचे तरी काय?

आता त्या चित्राविषयी, जे डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही इतके कष्ट घेत आहात. ऋतूनुसार मांडलेले तबक, लोकरीच्या चेहरा नसलेल्या बाहुल्या, मधमाश्यांच्या मेणाचे रंगखडू, पाइनची फळे हे सारे तुम्ही फोनवर पाहिलेल्या घरांतून आले आहे, आणि त्याचा उगम शोधत गेले तर बराचसा जर्मनीत सापडतो. रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये श्टुटगार्ट इथे सुरू झाली, आणि ऋतूंचे सण, हस्तकला, नैसर्गिक साहित्य यांवरचा भर त्या परंपरेतून जगभर पसरला. तो विचार मला आदरणीय वाटतो. तिथे मेंढ्यांची लोकर आहे, बर्फाळ हिवाळा आहे, घराबाहेर पाइनची झाडे आहेत; त्या लोकांनी हाताशी होते ते घेतले. तुम्ही मात्र ठाण्याच्या दमट हवेत चार हजार रुपयांची लोकर मागवलीत, आणि जुलैत तिला बुरशी आली म्हणून कष्टी झालात. तुमच्या दाराशी त्याच जुलैत आघाडा होता, तेरडा उगवत होता, टाकळ्याची कोवळी पाने भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत होती. आषाढी अमावास्येला घरातले दिवे घासून मांडायचे आणि कणकेचे गोड दिवे उकडायचे, हे ज्या घरात होते त्या घरात ऋतूचे तबक आधीच मांडलेले आहे.

आपल्याकडे हा विचार फार पूर्वी एका मोठ्या बाईंनी केला होता. ताराबाई मोडक यांनी मारिया माँटेसरी यांची पद्धत इटलीतून आलेली म्हणून नाकारली नाही आणि जशीच्या तशी उचललीही नाही. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभे केले, तेव्हा महागड्या आयात साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने, माती अशा आसपासच्या वस्तूंतून शिकण्याची साधने घडवली. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांची शाळा कुरणात गेली. ठाण्याहून बोर्डी काही फार लांब नाही. लोकरीचे सामान मागवण्याआधी या दोघींचे काम एकदा समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. साधने कुठली हे त्यांनी मुलांच्या जगण्याकडे पाहून ठरवले. तुम्ही ते दुसऱ्यांच्या छायाचित्रांकडे पाहून ठरवत होतात.

आणि आता सासूबाई. तुमच्या पत्रातले मला सर्वात महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहून गेला आहात: 'त्यांना यातले काही कळत नाही, त्या फक्त एप्रिलमध्ये गावाहून येताना कुरडया, सांडगे आणि गव्हल्यांचे डबे घेऊन येतात.' मी इथे वाचता वाचता थांबले. गव्हले तुम्ही कधी वळून पाहिले आहेत का? दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवलेल्या बारीक रव्याच्या पिठाची सुतासारखी वात करून, दोन बोटांच्या चिमटीत एकेक दाणा असा वळायचा की तो गव्हासारखाच, दोन्ही टोकांना निमुळता दिसला पाहिजे. नखाने दाबल्या की नखुल्या, आणि आणखी वेगळ्या हाताने वळल्या की मालत्या. लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे हे वळवट तासन्‌तास बसून होते, सावलीत वाळते आणि वर्षभर टिकते. ही हस्तकला आहे. ती ऋतूशी बांधलेली आहे, कारण चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेखेरीज ती वाळत नाही. ती कुटुंबाची परंपरा आहे. तिच्यात प्लास्टिकचा कण नाही. जे तुम्ही इतकी वर्षे दूर शोधत आहात, ते दर उन्हाळ्यात एस्‌टीने तुमच्या घरी येते आणि तुम्ही ते फळीवर ठेवून देता.

मला ठाऊक आहे की सासू-सुनेचे नाते एका सल्ल्याने सुधारत नसते, आणि त्यांच्या बोलण्यातला टोमणा तुम्हाला लागला असणारच. परंतु 'आम्ही काय मुले वाढवलीच नाहीत का?' हा प्रश्न पुन्हा एकदा, रागाविना वाचून पाहा. त्यात एका बाईची अशी व्यथा आहे की तिला जे येते ते या घरात कोणाला नको आहे. नातीला काय आवडेल हे तिला कळेना, कारण घरातले नियम तिच्या ओळखीचे नव्हते. मग तिने दुकानात जाऊन सगळ्यात झगमगीत होते ते निवडले. ती मोटार माळ्यावर गेली तेव्हा तिच्या दृष्टीने काय माळ्यावर गेले, याचा विचार करा.

त्यांना समजावू नका. मोटार माळ्यावरून काढा, पुसा, आणि त्यांच्यासमोर मुलीच्या हातात द्या. आवाज असह्य असेल तर रात्री आठनंतर तिची बॅटरी काढायची, एवढा नियम पुरेसा आहे. तो सासूबाईंनाही पटेल, कारण त्यांचेही डोके दुखत असणार. मग केव्हातरी निवांतपणे त्यांना विचारा की, 'आई, या उन्हाळ्यात गव्हले इथेच करू या का? तुमच्या नातीला शिकवाल?' पीठ किती, रवा कोणता, सूप आहे का, हे त्यांनाच ठरवू द्या. मुलीचे पहिले गव्हले वाटाण्याएवढे होतील. ते निराळ्या वाटीत वाळवा आणि त्यांचीच खीर करा. कुरडयांचा गरम चीक तूप आणि साखर घालून वाटीत खाण्यासाठी मुले पूर्वी पहाटे उठत असत. तुमची मुलगीही उठेल. जुन्या सुती साड्या असतील तर धाकट्यासाठी एक गोधडी घालायला त्यांना सांगा आणि तिच्या कडेचे दहा टाके नातीला घालू द्या. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. शिकणारी तुमची मुलगी असेल तशी तुम्हीही असा. सुनेने शेजारी बसून 'मला जमत नाही, पुन्हा दाखवा' असे म्हणणे, याची किंमत त्या घरात फार मोठी असते.

आता बाहुलीघर. 'आई, आपण गरीब आहोत का?' हा प्रश्न ऐकून तुम्हाला वाटले की बाजाराने तुमच्या मुलीला जिंकले. मला त्यात तसे काही ऐकू येत नाही. साडेपाच वर्षांचे मूल घराबाहेरच्या जगाशी आपल्या घराची तुलना प्रथमच करू लागते, आणि फरक दिसला की आपल्याला ठाऊक असलेले कारण त्याला चिकटवते. तिला बहुधा एवढेच विचारायचे आहे की 'आपले वेगळे का?' या प्रश्नाला तिच्या वयाचे, खरे उत्तर द्या: 'आपण गरीब नाही. मला हाताने केलेल्या वस्तू आवडतात म्हणून आपल्याकडे त्या जास्त आहेत. तुला काय आवडते ते मला सांग.' यातले शेवटचे वाक्य सोडू नका, कारण आजवर या घरात फक्त तुमची आवड विचारात घेतली गेली आहे. मैत्रिणींत खेळताना आपल्याकडेही तसेच काही असावे, ही इच्छा क्षुद्र नाही.

तेव्हा बाहुलीघर घ्या. घेताना खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे ना, ते पाहा. जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचे झाले आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीसारख्या ठिकाणची लाकडी खेळणी घेताना चिन्ह शोधत बसू नका, मात्र रंग कोणता आहे आणि तो ओल्या कापडाने पुसल्यावर सुटतो का, हे अवश्य विचारा. तुमच्या धाकट्याच्या तोंडात ते जाणारच आहे. आणि आणलेल्या गुलाबी घरात खाट, पडदे, चादरी, भातुकलीतली भांडी, चिंचोक्यांचा बाजार असे काहीबाही मुलीला घालू द्या. त्या प्लास्टिकच्या घरात एका आठवड्यात हाताने केलेल्या वीस वस्तू आल्या नाहीत, तर मला आश्चर्य वाटेल. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, शीतपेयांच्या नळ्या आणि टाकाऊ बाटल्यांतून मुलांना विज्ञानाची खेळणी करायला शिकवले. त्यांच्या साहित्यात प्लास्टिक होते आणि ते हाताने केलेलेही होते. मूल खेळणे उघडते का, जोडते का, त्याचे भलतेच काही करते का, एवढे पाहिले तरी खेळण्याची परीक्षा होते.

पडद्याबाबतचा तुमचा निर्धार मात्र मला योग्य वाटतो. एका वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ मधील शिफारस आहे. त्यामुळे सगळेच सैल करा असे मी म्हणत नाही. जिथे मुलाच्या आरोग्याचा प्रश्न आहे तिथे ठाम राहा. जिथे केवळ घर कसे दिसते याचा प्रश्न आहे तिथे हात सैल सोडा.

राहता राहिला प्रश्न किती करायचे याचा. तुम्ही गेल्या वर्षी केलेल्या सणांची यादी पाठवली आहे, तीत २३ नोंदी आहेत. माझा सल्ला आहे की वर्षाला चारच निवडा आणि पुढची दहा वर्षे तेच करा. मुलांच्या मनात परंपरा पुनरावृत्तीने रुजते. दर वर्षी नवे काही करून दाखवण्याची त्यांना गरज नसते, उलट 'मागच्या वेळी केले होते तसेच' हा त्यांचा आग्रह असतो. पोळ्याला ओल्या मातीचे बैल करणे त्यांत असू द्या, कारण बैलाला चार पाय, दोन शिंगे आणि एक वशिंड एवढेच लागते आणि ते तीन वर्षांच्या मुलालाही जमते. दिवाळीचा किल्ला वडिलांकडे गेला आहे. उन्हाळ्यातले वळवट आजीकडे. चौथे तुम्ही तुमच्यासाठी निवडा, आणि ते असे निवडा की जे करताना तुम्हालाही आनंद होईल. बाकीचे सण बाजारातून साजरे करा, शेजारच्या घरी जाऊन साजरे करा, किंवा त्या दिवशी फक्त त्या ऋतूचे काही ताटात वाढा. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि वालपापडी, गाजर, वांगे, हरभऱ्याचे सोलाणे घातलेली भाजी केली, तर पौषात शेतात काय पिकते हे मुलीला कागदी पतंग कापण्यापेक्षा अधिक कळेल. यापुढे जे कराल त्याचे छायाचित्र काम संपल्यावर एखादे काढा. काम चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पतींच्या टोमण्याला उत्तर म्हणून हे सांगत नाही. हात पिठात असताना फोन उचलता येत नाही, हाच तर या कामांचा मोठा फायदा आहे.

शेवटी बोरन्हाण, कारण त्याला फार दिवस उरलेले नाहीत. काटेरी हलवा घरी करण्याचा बेत या वर्षी सोडा. तिळाच्या किंवा खसखशीच्या दाण्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने घालत, मंद आचेवर परातीत बोटांनी सतत फिरवत, दिवसामागून दिवस बसले म्हणजे त्याला काटा येतो. हे काम रांगत्या बाळाच्या घरात, पेटलेल्या शेगडीपाशी करू नये. ज्या बायका दर थंडीत हेच करून संसाराला हातभार लावतात, त्यांच्याकडून हलवा विकत घ्या. तोही हातानेच केलेला आहे, आणि त्यांना त्याचे दाम मिळाले तर त्यात तुमच्या तत्त्वाचा भंग कसा होतो, हे मला कळत नाही. त्यातला एक मुकुट तुम्ही आणि मुलीने मिळून करा, पुठ्ठ्यावर हलवा चिकटवून. गळ्यातला हार आणि मनगटातली कडी बाळाला क्षणभर लावून लगेच काढून ठेवा, कारण दोरा गळ्यात अडकू शकतो आणि दाणे तोंडात जाऊ शकतात.

डोक्यावरून ओतायच्या बोरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हरभरे, गोळ्या यांतले जवळजवळ सगळेच आठ-दहा महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकण्याजोगे आहे. म्हणून बाळावरून फक्त फुलांच्या पाकळ्या ओता आणि बोरे-शेंगांचे सूप जमलेल्या मोठ्या मुलांच्या मध्ये, बाळापासून दूर, रिकामे करा. पाच वर्षांच्या आतली मुले त्यांत असतील तर शेंगा आणि गोळ्या त्यांच्याही वाट्याला नकोत. औक्षणाच्या वेळी जिभेला मध लावण्याचा आग्रह कोणी केला तर नम्रपणे नकार द्या, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. काळे झबले शिवायचे काम सासूबाईंना सांगा, आणि सांगताना मुलीला त्यांच्याबरोबर कापड निवडायला पाठवा. संक्रांतीचाच दिवस गाठला पाहिजे असेही नाही. रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दुपारी बोरन्हाण करता येते, तेव्हा बाळाची झोप झालेली असेल आणि मुलीच्या बाबांना सुट्टी असेल असा एखादा रविवार पाहा.